आलेख हिरवा आणि लाइन तुंबलेली: मॉनिटरिंगच्या एका लायसन्सचे प्रकरण

हे प्रकरण नमुन्याचे आहे. मध्यम आकाराच्या संस्थांमध्ये नेटवर्क मॉनिटरिंग (नेटवर्कवर नजर ठेवणारे सॉफ्टवेअर) बसवताना ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा घडतात, त्या एका संस्थेत घडल्या असे समजून मांडल्या आहेत. यंत्रांची संख्या हिशेबाला सोपी ठेवली आहे. काउंटर (यंत्रातले मोजणीचे आकडे), प्रोटोकॉल (यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याची पद्धत) आणि लायसन्सचे नियम मात्र जसेच्या तसे आहेत.

एक मुख्य कार्यालय आणि सहा शाखा. नेटवर्कवरची एकूण ४९ यंत्रे: ४८ पोर्टांचे १८ अ‍ॅक्सेस स्विच (ज्यांना संगणक जोडतात ते), २४ पोर्टांचे दोन कोअर स्विच (ज्यांना बाकीचे स्विच जोडतात ते), सात राउटर, दोन फायरवॉल आणि वीस सर्व्हर, त्यातले बहुतेक आभासी. सर्वांत मोठ्या शाखेला २०० एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला २० कोटी बिटांची, लाइन आहे. ती राउटरच्या एक गिगाबिटच्या पोर्टाला जोडलेली आहे.

तक्रार अशी होती की दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान त्या शाखेत काहीच नीट चालत नाही. फॉर्म अर्धवट सेव्ह होतात, आवाज तुटतो. मुख्य कार्यालयातला अ‍ॅडमिन मॉनिटरिंगच्या पडद्यावर पाहायचा तर त्या लाइनचा आलेख हिरवा, ट्रॅफिक ७५ एमबीपीएस, वापर आठ टक्के. त्यामुळे दोष शाखेतल्या संगणकांकडे, मग वायरिंगकडे, मग लाइन देणाऱ्या कंपनीकडे जात राहिला. शेवटी दोन प्रस्ताव टेबलावर आले. एक, लाइन दुप्पट करा. दोन, मॉनिटरिंगचे लायसन्स अपुरे पडते आहे, वरच्या टप्प्याचे घ्या. दोन्ही प्रस्ताव मंजुरीच्या बेतात होते.

यातल्या एकाचीही गरज नव्हती. बिघाडाची मुळे लायसन्स कसे मोजले जाते आणि संस्थेने त्यात काय भरले, इथे होती. आधी हिरवा आलेख खोटा का होता ते पाहू, कारण बाकीचे धागे तिथूनच सुटतात.

७५ हा आकडा कुठून आला

पहिली तपासणी अगदी साधी होती. मॉनिटरिंगचा पडदा बाजूला ठेवून थेट राउटरवरचा काउंटर दोनदा वाचला, वीस सेकंदांच्या अंतराने. फरक निघाला ४७ कोटी ५० लाख बाइट. वीसने भागा, आठने गुणा (एका बाइटमध्ये आठ बिट): १९० एमबीपीएस. लाइन २०० ची. म्हणजे ती काठोकाठ भरलेली होती आणि शाखेतली माणसे पहिल्या दिवसापासून खरे सांगत होती.

मग सॉफ्टवेअर ७५ का दाखवत होते? एसएनएमपीने (यंत्रांकडून अशी मोजमापे मागवण्याच्या प्रोटोकॉलने) ट्रॅफिक मोजायचे म्हणजे ठरावीक वेळाने यंत्राला विचारायचे, 'आतापर्यंत किती बाइट गेले?' आणि दोन उत्तरांमधला फरक काढायचा. एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत, तिच्यासोबतच्या १९९० च्या आरएफसी ११५५ या मानकानुसार, हा काउंटर ३२ बिटांचा आहे. तो ४,२९,४९,६७,२९६ बाइट मोजून झाले की पुन्हा शून्यावर येतो, गाडीतला किलोमीटरचा आकडा सगळे नऊ संपल्यावर येतो तसा. १९९० मध्ये हे पुरेसे होते. इंटरफेसच्या, म्हणजे यंत्राच्या जोडणीच्या टोकांच्या, माहितीसाठीचे २००० सालचे मानक, आरएफसी २८६३, स्वतःच सांगते की हा काउंटर पूर्ण भरलेल्या १० एमबीपीएसच्या लाइनवर सुमारे ५७ मिनिटांत, १०० एमबीपीएसवर ५.७ मिनिटांत आणि एक गिगाबिटवर ३४ सेकंदांत फिरून शून्यावर येतो.

आता संस्थेचा हिशेब करू. सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी, म्हणजे ३०० सेकंदांनी, विचारत होते. १९० एमबीपीएसने ३०० सेकंदांत ७.१२५ अब्ज बाइट जातात. काउंटरच्या एका पूर्ण फेरीत मावतात ४.२९५ अब्ज. उरले २.८३ अब्ज. सॉफ्टवेअरला एवढेच दिसते. मधे एक अख्खी फेरी होऊन गेली हे त्याला कळायला काही मार्गच नाही. २.८३ अब्ज बाइटांना ३०० सेकंदांनी भागले की दर येतो ७५.५ एमबीपीएस.

वेगळ्या शब्दांत, ३२ बिटांचा काउंटर आणि पाच मिनिटांचे अंतर असेल तर ११४.५ एमबीपीएसच्या वरचा कोणताही दर आलेखात येऊच शकत नाही. ट्रॅफिक त्या रेषेपर्यंत चढते आणि ओलांडल्याबरोबर आलेख शून्याजवळ कोसळतो. या शाखेचा जुना आलेख उघडला तर तेच दिसले. सकाळी ट्रॅफिक शंभरच्या आसपास चढत जाते, मग बाराच्या सुमारास एकदम खाली येते आणि तीननंतर पुन्हा वर. या खळग्याचा अर्थ 'जेवणाची सुट्टी' असा लावला गेला होता. असे टोकदार, करवतीच्या दातांसारखे आलेख दिसले की माणसांच्या सवयींवर बोलण्याआधी काउंटर किती बिटांचा आहे ते विचारावे, हे मी आग्रहाने सांगेन.

आठ टक्क्यांची गोष्ट आणखी वेगळी. टक्केवारी काढताना सॉफ्टवेअर पोर्टाचा वेग राउटरकडून वाचते. पोर्ट एक गिगाबिटचे, म्हणून १००० पैकी ७५. पलीकडे करार २०० चा आहे हे राउटरलाच माहीत नसते, तर सॉफ्टवेअरला कुठून कळणार? तो आकडा हाताने भरावा लागतो. इथे कोणी भरला नव्हता. भरला असता तरी काउंटर खोटाच होता, पण निदान ३८ टक्के दिसले असते आणि आलेखाचा रंग पिवळा झाला असता.

उपाय जुनाच आहे. ६४ बिटांचे काउंटर कधीचे आले आहेत, आणि आरएफसी २८६३ नुसार २ कोटी बिट प्रति सेकंदाहून वेगवान इंटरफेसवर बाइट मोजायला ६४ बिटांचाच काउंटर असला पाहिजे. मात्र एसएनएमपीची पहिली आवृत्ती हे मोठे काउंटर वाहून आणू शकत नाही. त्यासाठी निदान 'व्ही-टू-सी' ही दुसरी आवृत्ती लागते. राउटरकडे मोठा काउंटर होता. सॉफ्टवेअरमधल्या जुन्या टेम्प्लेटमध्ये पहिली आवृत्ती निवडलेली होती, म्हणून तो मागितलाच जात नव्हता.

पाच मिनिटांचे अंतर कोणी ठेवले

इथे लायसन्स प्रकरणात येते. दर मिनिटाला विचारणा चालू असती तर ३२ बिटांच्या काउंटरनेही ५७२ एमबीपीएसपर्यंत बरोबर मोजले असते. २०० च्या लाइनला ते पुरून उरले असते. सॉफ्टवेअर बसवले तेव्हा अंतर एक मिनिटच होते. ते वाढवले गेले, कारण सर्व्हर दमला होता. आणि तो दमला, कारण त्याच्यावर एक हजारापेक्षा जास्त सेन्सर लादले होते.

या सॉफ्टवेअरचे लायसन्स सेन्सरवर मोजले जाते. सेन्सर म्हणजे एका यंत्रावरची एक मोजणी: एका पोर्टाचे ट्रॅफिक, एका सर्व्हरची मेमरी, एक पिंग (यंत्र उत्तर देते का, ही चाचणी). संस्थेने घेतलेले लायसन्स ५०० सेन्सरचे होते. पण आधीच्या चाचणीच्या महिन्यात संख्येला बंधन नव्हते, आणि 'सगळे आपोआप शोधा' हे बटण समोर होते. ते दाबल्यावर जे उभे राहिले त्याचा हिशेब असा.

अ‍ॅक्सेस स्विचची ८६४ पोर्टे. त्यांचे कोअरकडे जाणारे अपलिंक, प्रत्येकी दोन, म्हणजे ३६. कोअरची ४८ पोर्टे. राउटरचे १४ इंटरफेस, फायरवॉलचे ८. नुसत्या इंटरफेसांचे ९७० झाले. त्यावर प्रत्येक यंत्राला पिंग, अपटाइम (किती वेळ सलग चालू आहे), सीपीयू आणि मेमरी असे चार, म्हणजे ४९ यंत्रांचे १९६. सर्व्हरच्या डिस्क आणि नेटवर्क कार्डाचे ४०. एकूण १२०६.

इतक्या सगळ्यांना दर मिनिटाला विचारणे छोट्या आभासी सर्व्हरला झेपेना. कुणीतरी अंतर पाच मिनिटांवर नेले, भार उतरला, सगळे शांत झाले. चाचणी संपून ५०० चे लायसन्स लागू झाले तेव्हा ७०६ सेन्सर आपोआप थांबवले गेले. भार निम्म्याहून खाली आला. अंतर मात्र पाच मिनिटांवरच राहिले, कारण ते का वाढवले होते याची नोंद कुठेच नव्हती.

थांबलेले ७०६ कोणते? सॉफ्टवेअरला महत्त्वाचे आणि बिनमहत्त्वाचे यातला फरक कळत नाही, तो सांगावा लागतो. या संस्थेत अ‍ॅक्सेस स्विच आधी शोधले गेले होते. त्यामुळे ज्या पोर्टांना कधी कोणी वायरही लावलेली नाही अशी कित्येक पोर्टे जागती राहिली, आणि कोअर स्विचवरची सर्व्हरची पोर्टे झोपली. लाइन भरणारे ट्रॅफिक नेमके त्यातल्याच एका पोर्टातून निघत होते. ते दिसायची दुसरी जागाही अशी बंद होती.

वरच्या टप्प्याचे लायसन्स घ्यावे हा प्रस्ताव याच थांबलेल्या सेन्सरांमुळे आला होता. 'लायसन्स पुरत नाही' हे वाक्य खरे होते. पण पुरत नाही ते कशाला, हे विचारले गेले नव्हते.

त्याच नेटवर्कचे निरनिराळे आकडे

बाजारात लायसन्सचे मोजमाप एकसारखे नाही. पेसलर कंपनीचे पीआरटीजी सेन्सर मोजते, १०० सेन्सरपर्यंत फुकट वापरू देते. सोलरविंड्सच्या नेटवर्क परफॉर्मन्स मॉनिटरचे टप्पे परंपरेने यंत्रे, इंटरफेस आणि डिस्क-व्हॉल्यूम या तिन्हींपैकी ज्याची संख्या सर्वांत मोठी, त्यावर ठरत आले आहेत. मॅनेजइंजिनच्या ऑपमॅनेजरमध्ये यंत्रे मोजली जातात, पण त्याच घरातल्या नेटफ्लो अ‍ॅनालायझरमध्ये इंटरफेस. लॉग (यंत्रांनी लिहिलेल्या नोंदी) गोळा करणाऱ्या स्प्लंकसारख्या साधनांत रोज किती माहिती आत येते त्यावर हिशेब चालत आला आहे.

हे मोजमाप आपल्या संस्थेला लावून बघा. यंत्रे मोजली तर ४९. इंटरफेस मोजले तर ९७०. सेन्सर मोजले तर १२०६. आणि फक्त राउटरचे फ्लो (कोणी कोणाला किती पाठवले याच्या नोंदी) घेतले तर १४ इंटरफेस. नेटवर्क तेच, एक वायरही बदललेली नाही. म्हणून विक्रेत्याने 'तुमच्याकडे यंत्रे किती?' एवढेच विचारून टप्पा सुचवला तर तो अंदाज आहे, हिशेब नाही. आपला हिशेब आपणच करून जावे.

संस्थेने मग उलट्या बाजूने सुरुवात केली. काय काय मोजता येते हे बाजूला ठेवले आणि कोणत्या प्रश्नांची उत्तरे हवीत ते लिहून काढले. शाखेची लाइन भरली का? भरली तर कोणी? कोणता स्विच किंवा सर्व्हर बंद पडला? कुठे पॅकेट (माहितीचे छोटे गठ्ठे) टाकून दिली जात आहेत? ८६४ टेबलांखालच्या पोर्टांचे ट्रॅफिक यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते.

छाटणी करताना एक गंमतशीर गोष्ट सापडली. ३६ अपलिंकची दुसरी टोके कोअरच्या ४८ पोर्टांतच होती. म्हणजे एकच वायर दोन्ही टोकांना मोजली जात होती आणि दोनदा लायसन्स खात होती. एक टोक सोडायचे ठरले. कोणते, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. आत किती आणि बाहेर किती हे दोन्ही टोकांना सारखेच दिसते, पण पाठवायला जागा नाही म्हणून टाकून दिलेली पॅकेट फक्त पाठवणाऱ्या टोकाला मोजली जातात. वेगवान कोअरकडून खाली स्विचकडे येताना गर्दी होण्याची शक्यता जास्त, म्हणून कोअरचे टोक ठेवले.

नवा हिशेब: कोअरची ४८, राउटरचे १४, फायरवॉलचे ८, मिळून ७०. प्रत्येक यंत्राला तीन आरोग्य-सेन्सर; अपटाइम वेगळा नको, म्हणून १४७. सर्व्हरचे ४० तसेच. अ‍ॅक्सेस पोर्टांपैकी ज्यांना वायफायचे अ‍ॅक्सेस पॉइंट किंवा महत्त्वाची उपकरणे लागली आहेत अशी निवडक ६०. राउटरच्या फ्लोचे सात. एकूण ३२४. पाचशेच्या लायसन्समध्ये १७६ मोकळे राहिले. विचारणीचे अंतर पुन्हा एक मिनिटावर आणले. सर्व्हरला काही त्रास झाला नाही.

उरलेल्या अ‍ॅक्सेस पोर्टांना वाऱ्यावर सोडले असे नाही. पोर्ट बंद-चालू झाले की स्विच स्वतःहून संदेश पाठवतो. त्या संदेशांसाठी प्रत्येक पोर्टाला वेगळा सेन्सर लागत नाही.

कोणी भरली

एसएनएमपी किती बाइट गेले ते सांगते, कोणाचे गेले ते नाही. त्यासाठी फ्लो लागतात. नेटफ्लो ही सिस्कोची १९९६ ची कल्पना. तिच्या नवव्या आवृत्तीवरून आयपीफिक्स हे खुले मानक तयार झाले, २०१३ पासून ते आरएफसी ७०११ मध्ये आहे. कुठून, कुठे, कोणत्या पोर्टावर, कोणता प्रोटोकॉल, किती बाइट, कधीपासून कधीपर्यंत, एवढी नोंद राउटर पाठवतो. आतला मजकूर नाही.

फ्लो सुरू केल्यावर पहिल्याच दिवशी पडद्यावर एक अशक्य आकडा उमटला: २०० च्या लाइनवर ५७०० एमबीपीएस. घाबरण्यासारखे काही नव्हते. लांब चालणारा फ्लो राउटर किती वेळाने कळवतो याला 'अ‍ॅक्टिव्ह टाइमआउट' म्हणतात, आणि सिस्कोच्या पारंपरिक नेटफ्लोमध्ये तो मुळात ३० मिनिटांचा असतो. अर्ध्या तासाची सगळी गोळाबेरीज एका मिनिटात येऊन पडली. १९० गुणिले ३०, बरोबर ५७००. टाइमआउट एका मिनिटावर आणला आणि आलेख सरळ झाला. सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्यांपेक्षा ते चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण ही सेटिंग राउटरवर असते. मॉनिटरिंगच्या मॅन्युअलमध्ये ती कुठेतरी कोपऱ्यात सापडते.

दोषी एकच जोडी निघाली. मुख्य कार्यालयातला बॅकअप सर्व्हर आणि शाखेतला साठवणीचा सर्व्हर. रात्रीची प्रत काही कारणाने अर्धवट तुटायची, आणि पुन्हा प्रयत्न करण्याची वेळ दुपारी बाराची ठेवलेली होती. तीन तास १९० एमबीपीएस म्हणजे सुमारे २५६ जीबी. रात्रीचे तुटणे दुरुस्त केले, दिवसाच्या प्रयत्नाला ६० एमबीपीएसची मर्यादा घातली. शाखेचे तक्रारीचे फोन थांबले. लाइन दुप्पट केली असती तर बॅकअपने तीही भरली असती, फक्त लवकर संपवली असती.

मधल्या काळात एक सूचना आली होती की सगळी पॅकेटच पकडून ठेवूया, म्हणजे काही निसटायला नको. वायरशार्क आणि टीसीपीडम्प ही उत्तम साधने आहेत, फुकट आहेत, आणि एखाद्या अडलेल्या जोडणीसाठी त्यांना पर्याय नाही. पण १९० एमबीपीएसच्या लाइनवरचे सगळे पकडायचे तर तासाला ८५ जीबी लागतात, आणि त्यातले बहुतेक एन्क्रिप्ट केलेले, न वाचता येणारे. 'लाइन कोणी भरली' हे विचारायला तेवढे सगळे कशाला? शिवाय पॅकेट पकडणे म्हणजे माणसांच्या बोलण्याच्या फार जवळ जाणे.

फ्लो दिसायला लागल्यावर आलेली मागणी

बॅकअपचा प्रश्न सुटल्यावर आठवड्याभरात एका विभागप्रमुखांचा निरोप आला. आता कोण कुठे जाते हे दिसते म्हणे, तर अमुक एक कर्मचारी दिवसभर कोणत्या साइटवर असतो ते काढून द्या.

मला हा या प्रकरणातला सर्वांत नाजूक भाग वाटतो, आणि लायसन्सच्या चर्चेत तो हमखास राहून जातो. सॉफ्टवेअर हे काम करू शकते, लायसन्सची त्याला आडकाठी नाही. पण लायसन्स म्हणजे विक्रेत्याने आपल्याला दिलेली परवानगी, नेटवर्कवरच्या माणसांनी दिलेली नव्हे. फ्लोमध्ये मजकूर नसला तरी एका पत्त्यामागे एक माणूस असतो. युरोपीय संघाच्या न्यायालयाने तर २०१६ मध्ये बदलता आयपी पत्ताही ठरावीक परिस्थितीत वैयक्तिक माहिती धरला आहे. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा असेल, पण लाइन तपासायला गोळा केलेली माहिती माणूस तपासायला वापरणे हा उद्देशातला बदल आहे, आणि तो एका निरोपावर होऊ नये.

अ‍ॅडमिनने नकार दिला आणि प्रश्न वर पाठवला. योग्य केले. त्यातून दोन पानांचे धोरण निघाले. मोजणी लाइनच्या आणि यंत्रांच्या आरोग्यासाठी आहे. रोजच्या अहवालात व्यक्तीचे पत्ते नसतील, विभागांचे नेटवर्क-गट असतील. कच्चे फ्लो १४ दिवस राहतील, एकत्रित बेरजा वर्षभर. एखाद्या व्यक्तीच्या नोंदी पाहायच्या तर लेखी कारण आणि दोघांची संमती हवी, आणि कोणी काय पाहिले याचीही नोंद राहील. असे मॉनिटरिंग चालते हे सर्व कर्मचाऱ्यांना लेखी कळवले. ही पाने सॉफ्टवेअर बसवण्याआधी लिहायची असतात. नंतर लिहिली तर ती कोणा एकाच्या विरोधात लिहिल्यासारखी दिसतात.

लायसन्सच्या कागदातल्या काही गोष्टी

तपासणीत आणखी एक प्रकार उघड झाला. अपग्रेडची चाचणी घ्यायला कुणीतरी मॉनिटरिंगच्या आभासी सर्व्हरची हुबेहूब प्रत काढली होती. प्रत चालू झाली, तीही त्याच चावीने, आणि तिनेही सगळ्या यंत्रांना विचारायला सुरुवात केली. हेतू चांगला होता, पण एका चावीवर दोन सर्व्हर चालवायला बहुतेक लायसन्सांत मनाई असते, आणि यंत्रांवर दुप्पट विचारणांचा भार पडतो तो वेगळाच. प्रत बंद केली आणि विक्रेत्याला विचारले, चाचणीसाठी आणि आपत्तीसाठी राखीव सर्व्हरची सोय करारात आहे का. हा प्रश्न खरेदीपूर्वी विचारून उत्तर लेखी घ्यावे. त्यासोबत आणखीही: थांबवलेला सेन्सर मोजला जातो की नाही, दुहेरी फायरवॉलमधली राखीव म्हणून निवांत बसलेली दुसरी मोजली जाते की नाही, आणि मुदत संपल्यावर काय होते. कायमच्या लायसन्समध्ये मुदत संपते ती अपडेट आणि मदतीची, सॉफ्टवेअर चालू राहते. सबस्क्रिप्शनमध्ये मोजणीच थांबू शकते. पीआरटीजीसह अनेक उत्पादने आता सबस्क्रिप्शनकडे गेली आहेत, म्हणून जुनी सवय धरून बसू नये. जुन्या नोंदी मुदतीनंतर वाचता येतील का, हेही विचारावे. वर्षभराच्या बेरजा ठेवायच्या असे आपण धोरणात लिहायचे आणि त्या उघडायच्या चाव्या दुसऱ्याच्या हातात, असे नको.

मुक्त सॉफ्टवेअरचा पर्याय संस्थेने मनापासून तपासला. लिब्रेएनएमएस आणि एनटॉपएनजीची कम्युनिटी आवृत्ती जीपीएल या मुक्त लायसन्सच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आहेत. झॅबिक्स २०२४ मध्ये ७.० पासून जीपीएल सोडून एजीपीएलखाली आले. संस्थेच्या आत वापरायला यातले कोणतेही लायसन्स अडवत नाही. जीपीएलचे सॉफ्टवेअर आतल्या आत बदलून वापरले तर बदल जाहीर करावे लागत नाहीत. एजीपीएलमध्ये बदललेली आवृत्ती नेटवर्कवरून इतरांना वापरायला दिली तर त्या वापरणाऱ्यांना सोर्स कोड मिळण्याची सोय करावी लागते. सेन्सर मोजणारे कोणी नाही, हा मोठाच मोकळेपणा. पण ते रोज सांभाळणारा माणूस हवा, आणि या संस्थेत नेटवर्क पाहणारे दोघेच. त्यांनी आहे ते ५०० चे लायसन्स आरोग्य आणि आलेखांसाठी ठेवले. कच्च्या फ्लोंसाठी एनएफडम्प हे बीएसडी या मुक्त लायसन्सचे साधन एका लहान सर्व्हरवर बसवले आणि राउटरना दोन्हीकडे फ्लो पाठवायला सांगितले. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. जिथे संख्या ठरलेली आहे तिथे विकतचे, आणि जिथे माहितीचा ढीग वाढतच जाणार तिथे न मोजणारे.

शेवटचा मुद्दा सुरक्षेचा. मॉनिटरिंग सर्व्हर हा नेटवर्कमधल्या प्रत्येक यंत्राशी बोलतो, त्यामुळे त्याच्याकडे सगळ्यांच्या किल्ल्या असतात. डिसेंबर २०२० मध्ये उघड झालेल्या हल्ल्यात सोलरविंड्सच्या ओरायन या मॉनिटरिंग प्लॅटफॉर्मच्या अधिकृत अपडेटमधूनच घुसखोरी झाली होती. कंपनीच्या अंदाजाने १८,००० पर्यंत ग्राहकांनी ते अपडेट उतरवले असावे. तेव्हापासून या सर्व्हरला 'नुसता बघणारा' म्हणणे धोक्याचे आहे. संस्थेत त्याच्याकडून इंटरनेटवर जाणारी वाट आवश्यक तेवढ्यावर आणली आणि यंत्रांवरची परवानगी फक्त वाचण्याची ठेवली. तसेच प्रत्येक यंत्र एसएनएमपीचे उत्तर फक्त या एकाच पत्त्याला देईल अशी यादी लावली. एसएनएमपीच्या पहिल्या दोन्ही आवृत्त्यांत परवलीचा शब्द उघडाच प्रवास करतो, आणि बऱ्याच यंत्रांवर तो अजून कारखान्यातून आलेला 'पब्लिक' हाच होता. राउटर, फायरवॉल आणि कोअर स्विच तिसऱ्या आवृत्तीवर नेले, ज्यात ओळख पटवणे आणि एन्क्रिप्शन दोन्ही आहे. अ‍ॅक्सेस स्विचपैकी चार जुने आहेत, त्यांना तिसरी आवृत्ती येत नाही. ते सध्या व्ही-टू-सी वर आहेत, बदललेल्या शब्दासह आणि वेगळ्या व्यवस्थापन-नेटवर्कमध्ये. लाइन दुप्पट करण्याचा प्रस्ताव मागे घेतला गेला आहे, आणि त्या तरतुदीतून हे चार स्विच बदलावेत अशी मागणी आता मंजुरीला गेली आहे.